धार तुटू नये म्हणून

सिनेगॉगच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. फरशी उताराची, कोपऱ्यात नळ, भिंतीला टेकवलेल्या बादल्या. मंडळीतलं कुणी बाईमाणूस गेलं की तिला शेवटची अंघोळ इथे घालायची. हे काम तिघी करायच्या. एक मुलाकडे राहायला गेली ती गेलीच. दुसऱ्या मोठ्या मावशी. घसरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तिसरी सकाळपासून त्याच खोलीत चादरीखाली निजली होती.

ती तिसरी म्हणजे, मंडळीत सगळे जिला धाकटी म्हणत, तिची आई.

धाकटी बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर सात महिन्यांची लेक. रडू येत नव्हतं. लेकीचं टोपडं सरळ करायचं, थोड्या वेळाने परत सरळ करायचं, एवढंच चाललं होतं. उंबऱ्यापाशी पाणी सांडलंय, कुणीतरी पडेल, हे तिला दिसत होतं. आई गेली, हे काही केल्या आत शिरत नव्हतं.

"शुक्रवार आहे," घड्याळकाका म्हणाले. ते मंडळीचे खजिनदार, पण मनगटाकडे बघितल्याशिवाय बोलत नसत म्हणून हे नाव. "दिवस मावळायच्या आत दफन व्हायला हवं. एकदा शब्बाथचा विसावा लागला की उद्याचा अख्खा दिवस ताटकळत ठेवावं लागेल."

"माहीत आहे हो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही नाही बघितलंत तरी घड्याळ चालतं."

अडचण सगळ्यांना ठाऊक होती. पाण्याची धार डोक्यापासून पायांपर्यंत अखंड जावी लागते. एक बादली रिकामी व्हायच्या आत दुसरी सुरू. मध्ये तुटली तर पहिल्यापासून. म्हणजे दोन धडधाकट बायका हव्यात, आणि पोटच्या लेकीने आईला अंघोळ घालायची रीत नाही. उरलेल्यांपैकी एक काठीवर चालणारी, दुसरीला मयताचं नाव काढलं की भोवळ.

तेवढ्यात शेजारच्या मशिदीच्या गल्लीतली शिलाईवाली आत आली. शुक्रवारी नमाजाला येणाऱ्यांच्या गाड्या सिनेगॉगच्या अंगणात लागत, इकडे कार्य असलं की इकडच्या तिकडे.

"गाड्या मागे घ्यायला सांगितल्यात. तुमच्या गाडीला वाट होईल," ती म्हणाली. मग मावशींच्या प्लास्टरकडे बघून थांबली. "आमच्याकडे हे काम मी आणि माझी जाऊ करतो. हिची आई भिंतीवरून विचारायची मला, आज कोण? भाजी काय केलीस विचारावं तसं."

"उपकार आहेत तुमचे," घड्याळकाका म्हणाले, "पण आपल्यातलंच माणूस लागतं."

"आपल्यातलं आणा की मग," मावशी म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

काका बाजूला जाऊन दुसऱ्या शहरातल्या रब्बींशी फोनवर बोलले. परत आले ते हळू आवाजात. "म्हणतात, अडचणीत चालेल. सगळं मावशी सांगतील तसं व्हायला हवं. पण आधी लेकीला विचारा."

सगळे धाकटीकडे बघू लागले.

आई या बाईकडून कपडे शिवून घ्यायची आणि घरी येऊन उसवत बसायची. 'बाई सोन्यासारखी, पण टीप वाकडी.' साधा टॉवेल दुसऱ्याने वाळत घातला तरी आईला चालत नसे. आणि आता काही चुकलं तर माफी कुणाकडे मागायची?

"तुम्ही घाईघाईत करता का?" धाकटीने विचारलं. हे काय विचारतोय आपण, हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

"शिवण करते घाईत," शिलाईवाली म्हणाली. "हे नाही."

"मग जा आत."

जाऊबाई आली, दार लागलं. आतून मावशींचं पुटपुटणं, मग पाणी. धाकटी कान देऊन बसली. आपण ऐकत राहिलो तर धार टिकेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. एक बादली. दुसरी. आणि मांडीवरच्या लेकीने एकाएकी भोकाड पसरलं.

आतला आवाज थांबला.

"तुटली," मावशी म्हणाल्या.

"लेकरू रडलं तशी माझी मान वळली," जाऊबाई म्हणाली. "जरासं तर राहिलं होतं. आता?"

"आता काय, भर परत," शिलाईवालीचा आवाज आला. नळ सुरू झाला. घड्याळकाकांनी मनगट खिशात घातलं.

धाकटी उठली. लेकीला खांद्याशी घट्ट धरून ती अंगण ओलांडून पार टोकाला गेली, जिथे आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिथे ती अनोळखी गाड्यांमधून येरझारा घालत राहिली. कुठल्याशा गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता. लेक हुंदके देत देत निजली.

बऱ्याच वेळाने शिलाईवाली बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"नाही तुटली," ती म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली.

"मावशी म्हणतात, कपडे घालून झाले की पेटीत ठेवायचंय. तू ये. हिला दे माझ्याकडे. हात धुतलेत मी."

'हात धुतलेत' असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर 'साबणाने का?' असं धाकटीने विचारलं असतं. तिने झोपलेली लेक त्या गार हातांवर ठेवली, डोकं नीट टेकलंय ना ते पाहिलं, आणि खोलीकडे निघाली.