जासईच्या सिग्नलवर अडकलेला चेंडू

बॅनरवरचं डोकं दादाचं होतं, हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

दादाला जाऊन वर्ष झालं म्हणून करंजाडे गावातल्या मंडळाने त्याच्या नावाने टेनिस क्रिकेटची स्पर्धा ठेवली. ‘कै. मिथुन दयाराम कोळी स्मृती चषक.’ बॅनर गावच्या कमानीवर लागला. त्यात दादा बॅट उगारून उभा, दंडावर गरुडाचा टॅटू आणि खाली मोठ्या अक्षरात ‘धडाकेबाज फलंदाज’. दादाने कधी टॅटू काढला नव्हता. त्याच्या डाव्या हातावर होती ती डायलिसिससाठी फुगवलेली शीर. आणि धडाका म्हणाल, तर तो गावच्या टीममधून तीनदा खेळला आणि तीनदा शून्यावर परत आला. मग कॅप्टन शैलेशने त्याला माईकजवळ नेऊन बसवलं. तिथून मात्र तो आउट झाला नाही.

दादाची कॉमेंट्री आमच्याकडे सगळ्यांना माहीत होती. तो जासईला कंटेनर यार्डात गेटवर कामाला होता, त्यामुळे त्याचे चेंडूही त्याच रस्त्याने जायचे. “उचललाय. चेंडूने गव्हाण फाटा सोडला, जासईला सिग्नल लागलाय, पुढे ट्रेलर आहे, ट्रेलर हलत नाहीये, चेंडू हॉर्न मारतोय… सुटला सिग्नल. उरणला पोचला. सहा धावा.” कोणी आउट झाला की “गेट पास फाडला, गाडी बाहेर काढा.” उरणच्या टीमसुद्धा त्याला खास बोलवून न्यायच्या.

मग त्याच्या किडन्या गेल्या. तरी तो बोलायचा. पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून तो थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे घेऊन बसायचा आणि ओव्हर संपली की एक गालात ठेवायचा. बाहेरून आलेल्यांना वाटायचं, हा सुपारी खाऊन बोलतो.

घरी ते पाणी आई मोजायची. दिवसाला एक बाटली, त्यातच चहा, त्यातच गोळ्यांचं पाणी. तो गेल्यानंतरही आमच्या घरात दादा म्हणजे तेवढंच उरलं. पोटॅशियम किती होतं, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, आधी मुंबईला न्यायला हवं होतं का. भेटायला येणारेही तेच विचारायचे. तो बोलायचा कसा, हे कोणी काढत नव्हतं. एकदा अभ्यासाला बसले असताना मी त्याचा आवाज मनात आठवून बघितला आणि नुसता खोकलाच आठवला. तेव्हा मी ठरवलं की हे असं चालणार नाही. एका बाजूला आजारी दादा, दुसऱ्या बाजूला गरुडवाला दादा. माझा दादा कुठेच नाही.

मी दहावीत आहे. या वर्षी शाळेच्या स्पोर्ट्स डेला सगळं अनाउन्सिंग मी केलं. तेव्हापासून मी माईकला घाबरत नाही, माईकनेच काय ते बघून घ्यावं. मी सरळ शैलेशदादाकडे गेले.

“फलंदाज काय लिहिलंयस?”

“मंग काय लिवू? बडबड्या? स्पर्धा बॅटबॉलची हाय, भावना.”

“आणि गरुड कुणाचा?”

“नेटवरून घेतला. भारी दिसतो ना?”

“मला कॉमेंट्री करायचीय.”

तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, “पोरी नाय करत कॉमेंट्री.”

“हे कुठे लिहिलंय? बॅनरवर?”

“अलिबागवरून माणूस बोलवलाय. यूट्यूबला लाईव्ह हाय. तू मधेच रडत बसशील.”

“रडले तर माईक काढून घे.”

त्याने डोकं खाजवलं. “पयली मॅच घे जा. सकाळी लाईव्ह पण चालू नसतं न् मैदानात कुत्रं पण नसतं.”

मला कुत्रं नकोच होतं. आमचं घर मैदानाला लागून आहे आणि खांबावरच्या भोंग्याचं तोंड थेट आमच्या स्वयंपाकघराकडे असतं. मला हवी होती आई.

आई पनवेलच्या मार्केटात मच्छी विकते. दादाचा आवाज तिचाच होता. तिने “ताजी सुरमई” म्हटलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पिशव्या उघडायच्या. गेलं वर्षभर ती पाटीमागे गप्प बसते, गिऱ्हाईकच भाव विचारतं.

मी सांगितलं तेव्हा ती विळीवर बोंबील साफ करत होती. “मी त्या दिवशी उरणला जाईन, तुज्या मावशीकडं,” ती म्हणाली. “मना नाय ऐकायचं ते कैलासवासी, कैलासवासी.”

“मी कैलासवासी म्हणणारच नाही.”

“मंग काय बोलशील?”

“शून्यावर आउट व्हायचा, ते सांगेन.”

तिचा हात थांबला. “गेलेल्याची मस्करी करतेस?”

“तो स्वतःच करायचा.”

तिने पुढचा बोंबील उचलला. हो नाही आणि नाहीही नाही.

रविवारी सकाळी मी टेबलाशी बसले. शेजारी स्कोर लिहायला कमळाकर काका, समोर दोन टीम, आणि बाऊंडरीवर खुर्च्या मांडणारे दोघं. आमच्या घराचं दार बंद होतं. आई गेलीय की आहे, ते कळत नव्हतं.

मी माईक चालू केला आणि सवयीने म्हणाले, “सर्व विद्यार्थ्यांनी मैदानात रांगेत यावं.”

फिल्डर हसायला लागले. विकेटकीपर ओरडला, “बाई, गृहपाठ नाय केला.” पहिली ओव्हर तशीच गेली. मी शुद्ध बोलत होते, “उत्कृष्ट चेंडू, उत्तम क्षेत्ररक्षण”, आणि ते मलाच बोअर होत होतं.

दुसऱ्या ओव्हरला एकाने उंच मारला. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, “उचललाय. गव्हाण फाटा सोडला. जासईला सिग्नल लागलाय. ट्रेलर आडवा, ड्रायव्हर चहा प्यायला गेलाय, चेंडू हॉर्न मारतोय…” चेंडू खाली येईपर्यंत मी त्याला उरणला पोचवला. कमळाकर काकांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली.

पुढच्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर दुसऱ्या टोकाचा बॅट्समन बोल्ड झाला. शून्य. मान खाली घालून निघाला.

“गेट पास फाडला, गाडी बाहेर,” मी म्हणाले. “पण मित्रा, मान वर कर. ज्याच्या नावाची ही स्पर्धा आहे, तो मिथुन कोळी इथे तीनदा खेळला आणि तीनदा शून्यावर गेला. कमानीवर जे हात दिसतात ते त्याचे नाहीत. त्यावरचा गरुडही शैलेशदादाने कुठूनतरी उडवून आणलाय. तोंड मात्र अस्सल आहे. दादा नुसत्या तोंडावर खेळायचा.”

आता खुर्च्या मांडणारेही हसत होते. शैलेशदादा तरातरा आला आणि माईकसाठी हात पुढे केला. “बसू दे रे,” कमळाकर काका म्हणाले, “मिथ्या आल्यासारखं वाटतंय.” त्याने हात मागे घेतला, पण गेला नाही. खुर्चीच्या मागेच उभा राहिला.

तेवढ्यात मिडविकेटकडून कोणीतरी मैदानात शिरलं. बाऊंडरीवरून वळसा नाही, थेट पिचवरून. अंपायरने खेळ थांबवला.

“मैदानात एक बाई आल्यात,” मी माईकवर म्हणाले. “त्यांना बघून बॉलर बाजूला झालाय. त्या… माझी आई आहे.”

आई टेबलापाशी आली. हातात पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

“पी. घसा बसलाय तुजा.”

मी एक घोट घेतला आणि झाकण लावलं. आमच्या घरात आता सगळेच असं पितात.

“सगळी पी,” आई म्हणाली.

मी प्यायला लागले. ती उभी राहून बघत होती, बाटलीकडे, माझ्या गळ्याकडे. बाटली रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, “तीनदा शून्य नाय. एकदा चौका मारलेला त्यानं.”

माईक चालूच होता.

“काकी, तो लेगबाय होता,” शैलेशदादा म्हणाला. “मीच होतो समोर.”

“म्हंजे?”

“बॅटला नाय लागला. पायाला लागून गेला.”

“पाय कुणाचा?” आईने विचारलं. तिचा बाजारातला आवाज. भोंगा नसता तरी चाललं असतं. “पाय त्याचाच ना? आठवडाभर मीच शेकत होते. तो पलंगावर पडून सांगायचा, आये, चेंडूनं माफी मागितली. मंग चौका कुणाचा?”

बॉलर खालीच बसला हसत. शैलेशदादाही हसला, मग डोळे पुसायला मागे वळला.

कमळाकर काकांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. आई बसली. पदर नीट केला.

“समालोचकाकडून दुरुस्ती,” मी म्हणाले. माझा आवाज जरा हलला, पण माईक कोणी काढून घेतला नाही. “मिथुन दयाराम कोळी. तीन सामने, चार धावा.”

अंपायरने खेळ सुरू करायची खूण केली. बॉलर मागे गेला. मला पुढचं काही सुचेना.

“थांबलीस कशाला?” आई म्हणाली. “जासईचा सिग्नल कवाच सुटलाय.”