चारा खातंय तोवर

आमच्या मालकांचं नाव धुळा. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं सासूबाई सांगायच्या, पण या गोष्टीत मला त्यांच्या नावानं इतक्या वेळा खडे फोडायचे आहेत की नाव आधीच सांगून टाकलेलं बरं. मी मंगल. आटपाडीच्या पलीकडं आमची वस्ती आहे, मेंढरं आहेत, थोडं डाळिंब आहे. आणि आम्हा दोघांना एचआयव्ही आहे. तो कुणामुळं आला यावर भांडायचं तेवढं आम्ही तरुणपणीच भांडून घेतलं. आता रोज जेवण झालं की एकमेकांसमोर बसून गोळी घेतो, आणि संपत आल्या की सांगलीच्या सेंटरला जाऊन नव्या आणतो. वस्तीवर यातलं कुणाला माहीत नाही. आम्ही देवाला जातो म्हणून सांगतो, आणि लोकांना वाटतं, काय देवभोळं जोडपं आहे.

गोळ्या आम्ही कधी चुकवल्या नाहीत. रक्तात विषाणू सापडत नाही असा रिपोर्ट आला की मालक शाळेत पहिला नंबर आल्यासारखे छाती काढून चालतात. मलाही बरं वाटायचं. आता आपल्याला काही होत नाही, असं दोघांनीही धरून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन कोरेगावकडं गेलो होतो. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. तिथं माझ्या ध्यानात आलं, की लग्नापासून मालकांच्या डाव्या गालात बसलेला तंबाखूचा बार उजव्या गालात गेलाय. विचारलं तर म्हणाले, असंच. माझा काही विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी कशावरून तरी ते मोठ्यानं हसले आणि मला जिभेच्या डाव्या कडेला मसुरीएवढी जखम दिसली. कडा पांढरट, मध्ये लाल. मी म्हटलं, दुखतं का? म्हणाले, अजिबात नाही, दात घासला असेल.

मग त्यांनी त्यांचं औषध सुरू केलं. मेंढराच्या तोंडात फोड आले की ते तुरटीच्या पाण्यानं धुतात आणि हळद-लोणी लावतात. तेच स्वतःला. सगळे दात पिवळे झाले, जखम होती तिथंच राहिली. मी डॉक्टरचं नाव काढलं की त्यांचा एक नियम ठरलेला. जनावर चारा खातंय तोवर त्याला काही झालेलं नसतं. या नियमावर त्यांनी आमचा कळप कितीदा वाचवलाय हे खरं आहे. शंभर मेंढरांत एखाद्यानं चाऱ्यावरून मान फिरवली की त्यांना लांबून कळतं. पण तोच नियम हा माणूस स्वतःच्या जिभेला लावून बसला. ताटात तीन भाकरी मोडून मला दाखवायचा, खातोय का नाही बघ.

खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी दाढ दुखली म्हणून ते एका दातांच्या डॉक्टरकडं गेले होते. इमानदारीनं आजार सांगितला. डॉक्टरनं हातातली हत्यारं खाली ठेवली आणि बाहेर माणसं बसलेली असताना सांगितलं, तुमचं काम इथं होणार नाही. ती दाढ मालकांनी घरी दोरीनं उपटली. तेव्हापासून तोंड कुणाला दाखवायचं नाही हे त्यांनी पक्कं केलं. मला दम दिला, की सेंटरमध्ये या जखमेचं काही बोललीस तर मी गोळ्यांनाही यायचा बंद होईन. हा दम खरा करणारा माणूस आहे, म्हणून मी गप्प बसले. आतून मात्र जळत होते.

माघारी आल्यावर गोळ्या आणायला सांगलीला गेलो. सेंटरच्या डॉक्टर प्रमोदिनी मॅडम शांत बाई आहेत. मालक बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा मी त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी म्हणून विचारलं, की गोळ्या नीट घेणाऱ्याच्या तोंडात न भरणारी जखम असली तर? मॅडम म्हणाल्या, गोळ्यांनी विषाणू झोपतो, पण इतकी वर्षं तो अंगात आहेच. आपल्या आजारात तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि वर तंबाखू असली तर आणखी वाढतो. जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही ती दाखवायचीच, न दुखणारी तर आधी. लवकर सापडलं तर माणूस बरा होतो. मग त्यांनी माझ्याकडं जरा थांबून बघितलं आणि म्हणाल्या, त्या माणसाला घेऊन या.

घेऊन कसं यायचं? त्या जखमेला तोवर चार महिने झाले होते. मला रोज वाटायचं, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर भाकरी खात खात जाणार.

पुढच्या बाजारी आम्ही आटपाडीला मेंढा बघायला गेलो. जतकडचा तात्याबा म्हणून एक ओळखीचा म्हातारा एक देखणा मेंढा घेऊन आला होता. शिंगं वळलेली, पाठ रुंद, लोकर अशी की हात रुतावा. मालक खूश झाले. दात बघायला म्हणून त्यांनी जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घातला, तर मेंढ्यानं मान झटकली. पुन्हा धरलं, पुन्हा झटकली. तात्याबा म्हणाला, लाजाळू हाय, घरी गेलं की सवय हुईल. मालकांनी दोरी त्याच्या हातात परत दिली.

"तोंड उघडू देत न्हाई ते मेंढरू मी घेत न्हाई, तात्याबा. आत कायतरी हाय."

मला राहवलंच नाही.

"आवं, मग मी तुमास्नी कशाला ठिवून घेतलंय?"

तात्याबाला वाटलं बायको थट्टा करतेय, तो हसला. मालक हसले नाहीत. ते बाजाराच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसले. मी शेजारी बसले. मॅडमनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. दम दिला होता तो आठवत होता, पण म्हटलं काय व्हायचं ते होऊ दे. मालकांनी तोंडातला बार थुंकला. ते जमिनीवर काडीनं रेघा मारू लागले.

मग म्हणाले, "त्यो डॉक्टर हाकलून दील गं परत."

इतका मोठा माणूस, लांडग्यामागं काठी घेऊन धावलेला, आणि त्याचे डोळे भरले होते. त्या क्षणी माझा सगळा राग गेला. मी म्हटलं, हाकललं तर दोघं मिळून बाहेर पडू, तुम्हाला एकट्याला नाही जाऊ देणार.

कुणी हाकललं नाही. प्रमोदिनी मॅडमनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधीच फोन केला होता. जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. पण डॉक्टर म्हणाले, लहान आहे, पसरलेला नाही, काढता येईल. एचआयव्ही आहे म्हणून ऑपरेशन अडत नाही, उलट गोळ्या नीट घेतल्यात त्याचा आता फायदा होणार. मालकांच्या जिभेची डावी कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या. बरेच दिवस नळीतून पातळ अन्न देत होते. खाण्याचा एवढा गर्व असलेला माणूस, त्या नळीकडं बघून खुणेनं विचारायचा, हा चारा म्हणायचा का?

हळूहळू नळी निघाली, मऊ भात खाऊ लागले. बोलणं जड झालं, तोंडात गरम घास धरल्यासारखं. शिकवलेले जिभेचे व्यायाम ते मेंढरांमागं फिरताना करायचे. कुत्रा आधी दचकायचा, मग त्यालाही सवय झाली. परत तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जखम चांगली भरलीय, कुठं काही नाही. पण तंबाखू आता कायमची बंद. मालकांनी मान हलवली. मग त्याच आवारातल्या सेंटरला गोळ्या घ्यायला गेलो, तर प्रमोदिनी मॅडमनी मला विचारलं, आणि तुम्ही तंबाखू खाता का?

मी ताठ मानेनं सांगितलं, मी तंबाखूला हात लावत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते. मॅडम म्हणाल्या, मंगलताई, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की हो. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, तंबाखू वेगळी, मिसरी वेगळी. आईनं लावली, आजीनं लावली, तिला कोण तंबाखू म्हणतं? मॅडमनी मला आत्ताच्या आत्ता दातांच्या विभागात जाऊन तोंड तपासून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू, मला काही दुखत नाही. मालक सरळ त्या विभागाकडं चालू लागले.

विभागासमोर ही गर्दी. रांगेत बाकावर आमच्या शेजारच्या वस्तीवरचा अर्जुना दाढ धरून बसलेला. आम्हाला बघून त्यानं रामराम घातला. टेबलामागची तरुण डॉक्टर पोरगी सगळ्यांना मोठ्यानं विचारत होती. माझी पाळी आली. बीपी आहे का, शुगर आहे का, आणखी कुठला आजार? अर्जुना ऐकत होता. उद्या सगळ्या वस्त्यांवर होईल हे मला दिसत होतं. मी म्हणाले, काही नाही. हिरडीच थोडी सुजलीय, बाकी काही नाही. आणि निघायला म्हणून मागं वळले.

मालक वाटेत उभे होते. ते टेबलापाशी गेले आणि त्या जड जिभेनं, एकेक शब्द नीट लावत बोलले. अख्खी रांग ऐकत होती.

"मला एचआयव्ही हाय. त्यात तंबाखू खाल्ली, जीब गेली थोडी. ही माजी बायकू हाय. हिचं तोंड नीट बगा, बाई. हिची जीब मला पायजे."

माझे कान गरम झाले, आणि छातीत असं काही भरून आलं की लग्नानंतर एवढ्या वर्षांत कधी आलं नव्हतं. त्या दाढेनंतर स्वतःसाठी ज्या माणसाला हे कुठं सांगता आलं नाही, त्यानं ते माझ्यासाठी सांगितलं होतं. मी पुन्हा टेबलाकडं वळले.

"मलाबी हाय," मी म्हणाले. "आनि मिसरी लावते."

पोरीनं मान हलवून लिहून घेतलं आणि आतल्या खुर्चीकडं हात केला. अर्जुनानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मालकांकडं. मग तो दाढ धरूनच बाकावर सरकला आणि शेजारची जागा हातानं झाडून म्हणाला, "बसा, धुळाआबा. त्यांना वेळ लागंल."