चौथ्या दिवसाचा राजवाडा

आमच्या घरी प्रत्येक सहल दोनदा व्हायची. एकदा परदेशात, आणि परत आल्यावर एकदा सात रस्त्याजवळच्या आमच्या बैठकीत.

बाबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. न पाहिलेली गावं जन्मभर नकाशावर छडी टेकवून दाखवली, याची त्यांना मनातून लाज वाटत असावी. निवृत्तीनंतर ते आईला घेऊन ग्रुप टूरबरोबर देश पाहू लागले, तेव्हा त्यांनी एक नियम केला. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. गाईडनं सांगितलेलं चालणार नाही, पाटीवर वाचलेलंही नाही. आणि एका संध्याकाळी सहलीचा एकच दिवस.

देवापुढे दिवा लागला की ते झोपाळ्यावर येऊन बसत. समोर खुर्चीत शेजारचे धुळाप्पाकाका. हे मूळचे दुधनीचे, एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या शेजारी वरच्या मजल्यावरच्या महेश्वरीमावशी, मांडीवर सोलायच्या लसणाचं ताट घेऊन. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर. ती सांगायची नाही, दुरुस्त करायची.

"अहो, तो पूल दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तुम्ही बसमध्ये झोपला होता."

बाबा झोपाळा थांबवून म्हणत, "घ्या, पुरवणी आली."

या वर्षी ते दोघं तुर्कस्तानला जाऊन आले. तीन संध्याकाळी तीन दिवस सांगून झाले. चौथ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता बाबा गेले.

मी पुण्याहून आले ती राहिलेच. नातेवाईक आपापल्या गावी परतले, माझी रजा संपत आली, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. दिवा लावायची आणि पुन्हा आत जायची. कुणी आलं तर आतूनच बोलायची. मी गेल्यावर ही त्या चार भिंतींत दिवसचे दिवस बसून राहील, या विचारानं मला बॅग भरवत नव्हती.

काका आणि मावशी मात्र रोजच्या वेळेला येत. काका आपल्या खुर्चीत बसत, झोपाळ्याकडे न बघता छताकडे बघत.

"वैनी, चौथा दिवस ऱ्हायलाय की," ते एका संध्याकाळी म्हणाले.

"मला सांगता येत नाही, भावजी," आई आतून म्हणाली.

"दुरुस्त करायला येतंय, सांगायला न्हाय व्हय?"

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. ते मावशींकडे वळले. "हिला वाटतंय म्हातारा तरास देतोय. आगं, हितं अर्ध्यात गाडी सोडल्यागत झालंय आमाला."

आईला बोलतं करावं म्हणून मी बाबांचा फोन उघडला. तिसऱ्या दिवसापर्यंतचे फोटो नेहमीसारखे होते, मिनार, बाजार, आणि प्रत्येक चौकटीच्या कडेला आईची पर्स. चौथ्या दिवशी मात्र एक उंच, नक्षीचं दार होतं आणि त्यातून बाहेर पडणारी माणसं. पुन्हा तेच दार, वेगळी माणसं. टोपीवाला एक जाडा गृहस्थ. शाळेच्या मुली. बाबागाडी ढकलणारी बाई. मी शेवटपर्यंत गेलेच नाही.

"आई, हे चुकून निघालेले दिसतात. काढून टाकू?"

तिनं फोन हातात घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला. "चुकून नाहीत," म्हणाली, आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ ओट्याशी उभी राहिले. "मी उद्या निघणार. तू अशी आतच बसणार असशील तर मला जाववणार नाही."

ती भाकरी थापत राहिली. एक तव्यावर टाकून म्हणाली, "तिथंच त्यांना दम लागायला लागला होता. आल्यावर म्हटलं, आधी डॉक्टरकडं जाऊ. तर म्हणाले, सगळे दिवस सांगून होऊ देत, मग जाऊ. मीही ऐकलं. आता त्या सहलीचा विषय पुन्हा कशाला काढू मी?"

मला हे ठाऊक नव्हतं. 'मला फोन का नाही केलास,' असं ओठावर आलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती मी उलटली. बाबा कुणाचं ऐकणाऱ्यांतले नव्हते, हे आम्हा दोघींना सारखंच माहीत होतं.

"चौथ्या दिवशी ते सांगणार तरी काय होते?" मी विचारलं.

"ते नव्हते सांगणार," आई म्हणाली. "मी सांगणार होते. तसं ठरलं होतं."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वैनी, आमी आलो."

आईनं गॅस बंद केला, हात धुतले, आणि मला म्हणाली, "चहा टाक." मग ती बैठकीत गेली आणि झोपाळ्यावर बसली. कडेला, पाय जमिनीवर घट्ट टेकवून. काका पहिल्यांदाच छत सोडून झोपाळ्याकडे बघू लागले.

"पाण्याकाठचा राजवाडा होता," ती म्हणाली. "नाव मला येत नाही."

"नाव ऱ्हाऊ द्या."

"बसमधून उतरलो आणि दारापर्यंत जायच्या आतच ह्यांना दम लागला. गाईडला म्हणाले, मिसेसचे गुडघे दुखतात, आम्ही इथं बाकावर बसतो. आणि माझे गुडघे तर ठणठणीत."

मावशींचा हात लसणावर थांबला. "अगंबाई. म्हणजे मागच्या सहलीतले गुडघेपण त्यांचेच?"

"त्यांचेच. मी आपली गावभर गुडघेदुखीची बाई झाले." आई हसली. त्या दिवसांतलं ते पहिलं हसू. "मी म्हटलं, राहू दे राजवाडा. तर म्हणाले, तू जा. बघून ये आणि मला सांग. काही सोडू नकोस. मी परदेशात एकटी कधी रस्तासुद्धा ओलांडला नव्हता. बुटांवर घालायला प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या दिल्या. आत फोटो काढू देत नव्हते, म्हणून सगळं पुटपुटत चालले. जिन्याचे कठडे काचेचे. मी हात लावला नाही, फुटले तर भरून कोण देणार? आणि झुंबर एवढं मोठं, की खालून जाताना मी डोक्यावर पदर घेतला."

"पदरानं काय हुनार वो वैनी?"

"तेच ह्यांनीही विचारलं. बाकावर बसून मी सगळं सांगितलं. आपली कडक भाकरी चटणीशी खात होते, डोळे मिटून. मधेच म्हणायचे, खिडक्या कुठल्या दिशेला? मला काय माहीत, मी म्हटलं, पाण्याच्या दिशेला. मग म्हणाले, हा दिवस मी नाही सांगायचा, मी पाहिला नाही. तू झोपाळ्यावर बस. मी पाटावर बसून दुरुस्त करतो."

काकांनी मान तिरकी केली. "पन सर तर भाईरच व्हते की. ते काय दुरुस्त करनार?"

"मीही तसंच म्हटलं." आईचा आवाज थोडा खाली आला. "म्हणाले, तू आत असताना मी दाराकडं बघत होतो. तू बाहेर कशी आलीस, तेवढं मी सांगेन."

चहाचा ट्रे घेऊन मी उंबऱ्यात थांबले होते. पाट रिकामा होता. ट्रे मावशींकडे देऊन मी त्याच्यावर बसले आणि बाबांचा फोन उघडला. पुन्हा ते दार. जाडा गृहस्थ, शाळेच्या मुली, बाबागाडी. या वेळी मी शेवटपर्यंत गेले.

"कशी येणार," आई सांगत होती. "दारातच पिशव्या काढून टोपलीत टाकल्या, पर्स खांद्याला लावली, आणि नीट चालत आले."

फोटोत आई दारातून बाहेर येत होती. ओठ पुटपुटत होते, पदर अजून डोक्यावर होता. फोटो जरा हलला होता, काढणारा हसत असावा तसा.

"आई," मी म्हणाले, "पिशव्या पायातच आहेत."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मी बसले होते त्या पाटाकडे. तिची टाच जमिनीवरून उचलली गेली आणि झोपाळा हळू हलला.

काकांनी कप बशीत ठेवला.

"घ्या," ते म्हणाले, "पुरवणी आली."