चुकलेली वेलांटी

कचेरीत तिला सगळे 'टाचणी' म्हणत. एकदा टोचली की समोरच्याला स्वस्थ बसू द्यायची नाही, अशी तिची ख्याती. बावीस वर्षं ती त्याच वर्तमानपत्रात वार्ताहर होती. पाणीपुरवठा, शाळा, खड्डे, सभा असं सगळं तिने लिहिलं, पण खून-दरोडे दुसरे लोक लिहीत. तिकडे तिने कधी वाकडी वाट केली नव्हती.

एका दुपारी रुग्णालयातल्या एक परिचारिका तिच्या टेबलासमोर येऊन बसल्या. हातात प्लास्टिकची फाइल, कडा झिजून पांढऱ्या झालेल्या.

"माझी धाकटी बहीण अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली, असं तिचा नवरा सांगतो," त्या म्हणाल्या. "मला बातमी नकोय, ताई. कोणीतरी हे एकदा नीट वाचावं, एवढंच."

नवऱ्याचं प्लायवूडचं दुकान होतं. बायको गेल्यावर चौदा दिवसांनी त्याने पोलिसांत कळवलं, आणि सोबत तिची चिठ्ठी दिली. चार ओळी, टाइप केलेल्या, खाली एक गिचमिड सही. 'माझा शोध घेउ नका. मी जिथे असेन तिथे सुखी राहिन.'

टाचणीने चिठ्ठी दोनदा वाचली. "सिस्टर, तुमची बहीण काय करायची म्हणालात?"

"छापखान्यात मुद्रितं तपासायची. भारी खोड होती तिला. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन शोधायची. माझ्या चिठ्ठ्यासुद्धा दुरुस्त करून परत द्यायची."

"मग 'घेउ'चा उकार आणि 'राहिन'ची वेलांटी तिने अशी लिहिली असती?"

परिचारिकांनी कागद हातात घेतला. अकरा वर्षांत त्यांनी तो शेकडो वेळा वाचला होता. "माझा या बाबतीत आनंदच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कधी दिसलंच नाही."

दुसऱ्या दिवशी टाचणी फौजदारांकडे गेली. ते नवीन होते, जुन्या प्रकरणात त्यांचं काही अडकलेलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"बाई, ऱ्हस्व-दीर्घावरून कोणाला बेड्या घालता येत नाहीत. आमच्या दारावरच 'साहेब चारला येतिल' अशी पाटी आहे."

"तुम्ही लिहिली असती तर कशी लिहिली असती?"

फौजदारांनी जरा विचार केला. "तशीच," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मी मुद्रितं तपासत नाही. बरं, चिठ्ठी तिची नाही इतपत मान्य. ती त्याची आहे, हे कशावरून? काहीतरी ठोस आणा."

ठोस शोधायचं कुठे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचा जबाब फाइलमध्ये होता: 'मंगळवारी सकाळी चिठ्ठी वाचून मी मागे धावलो. साडेसातच्या बसमध्ये तिला चढताना पाहिलं. बस निघून गेली.' टाचणीची सवय अशी, की समोरच्याने आज सोमवार आहे म्हटलं तरी ती कॅलेंडर बघायची. ती तळघरात गेली आणि अकरा वर्षांपूर्वीचा बांधीव खंड तिने ओढून काढला. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालं. त्या बुधवारच्या अंकात, पाचव्या पानावर, सहा ओळींची बातमी सापडली. मंगळवारी पहाटे एका चालकाला मारहाण झाली म्हणून चालकांनी अचानक काम बंद केलं. दुपारी दोनपर्यंत आगारातून एकही बस सुटली नव्हती.

ती खुर्चीत मागे टेकली. चौदा दिवसांनंतर त्याने आठवणीतून एक वार उचलला होता, आणि नेमका तोच त्याला नडला होता.

मग ती दुकानात गेली. दुकानदार अघळपघळ माणूस होता. तिने वर्तमानपत्राचं नाव सांगितलं, ध्वनिमुद्रण करते म्हणाली, तर गडी खूश. टाकून दिलेला नवरा ही भूमिका त्याला चांगलीच मानवली होती.

"बसमध्ये चढल्याचं तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"या डोळ्यांनी. खिडकीजवळ बसली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"मंगळवारच होता ना?"

"मंगळवारच. तो दिवस मी विसरेन होय?"

"गर्दी होती?"

"गच्च भरलेली. लोक दाराला लोंबकळत होते."

टाचणीने मान हलवली आणि त्याला बोलू दिलं. तो एकेक गोष्ट आपणहून वाढवत गेला. वाहकाचा चेहरासुद्धा त्याला आठवला. ती दुकानातून बाहेर पडली. हा माणूस खोटं बोलतोय, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नव्हती.

बातमीचं कात्रण आणि ध्वनिमुद्रण तिने फौजदारांच्या टेबलावर ठेवलं. ऐकताना त्यांचं हसू मावळलं. "आता बोला," टाचणी म्हणाली. फौजदार उठले. त्यांनी टोपी उचलली.

दुकानदाराने दोन दिवसांत तीन गोष्टी सांगितल्या. आधी बस, मग रिक्षा, मग तो वारच चुकला म्हणाला. तिसऱ्या दिवशी कंटाळून खरं बोलला. भांडणात त्याने तिला ढकललं होतं, डोकं दगडी पायरीवर आपटलं होतं. गोदामामागे वापरात नसलेली पाण्याची टाकी होती. ती त्याने त्याच आठवड्यात बुजवून वर फरशी घातली होती. पोलिसांनी फरशी उकरली, आणि अकरा वर्षांचा शोध तिथे संपला.

संपादक मथळा घेऊन आले: 'आमच्या वार्ताहराने लावला खुनाचा छडा'.

"मी नाही लावला," टाचणी म्हणाली. "मोठ्या बहिणीने फाइल जपली म्हणून लागला. मथळ्यात ती हवी."

"लोकांना तुझं कौतुक वाचायला आवडेल गं."

"मग त्यांना पत्रं लिहू दे. मथळा बदला."

संपादकांनी मथळा बदलला. टाचणीपुढे वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना कळत होतं.

बातमी छापून आली त्या सकाळी परिचारिका रात्रपाळी संपवून थेट कचेरीत आल्या. रडल्या नाहीत. चहा मागितला, आणि बहिणीबद्दल सांगत बसल्या. ती शिट्टी कशी वाजवायची, पोहायला शिकताना तळ्यात कशी बुडता बुडता वाचली, पहिल्या पगारातून तिने मोठ्या बहिणीसाठी चपला आणल्या आणि त्या दोन नंबर मोठ्या निघाल्या. टाचणीने वही बंद केली, खुर्ची पुढे ओढली आणि मन लावून ऐकत राहिली.