दहा लाख एक

पाथर्डीच्या शाळेत आठवीला गणित शिकवणाऱ्या अझहर शेख सरांचा एका संख्येवर जीव होता. दहा लाख एक. फळ्यावर १०००००१ लिहून ते म्हणत, "दिसते कशी? जणू कुणालाच भाग जाणार नाही. पण १०१ गुणिले ९९०१ करून बघा." मग कुठलीही सहा आकडी संख्या दोनदा शेजारी शेजारी लिहायला सांगत. तिला आधी १०१ नं भागायचं, आलेल्या उत्तराला ९९०१ नं. पहिली संख्या जशीच्या तशी हातात. ज्ञानेश्वरीनं गावाचा पिनकोड लिहून भागला आणि उत्तर बघून ती बाकावरून उठलीच. "सर, हे नेहमीच होणार! दोनदा लिहिणं म्हंजे दहा लाख एकनं गुणणंच की!"

सरांनी तिला एका संस्थेच्या निवासी वर्गाच्या परीक्षेला बसवलं. वर्ग दिवाळीनंतर नगरला सुरू होणार होता. तालुक्यातून एकच जागा, राहणं-जेवण फुकट. ती मिळाली नाही, तर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन धाकट्या भावाला सांभाळायचं, हे ठरलेलंच होतं.

परीक्षेत नेमकी तीच संख्या आली. मूळ की संयुक्त? ज्ञानेश्वरीनं 'संयुक्त' लिहिलं. संस्थेच्या उत्तरसूचीत 'मूळ' होतं. प्रश्न दोन गुणांचा, आणि तिची जागा हुकली एका गुणानं.

सर तडक संस्थेच्या सचिवांकडे, वैजनाथरावांकडे गेले. त्यांनी मोबाईलवर गुणाकार केला. पुन्हा केला.

"बरोबर आहे तुमचं, शेख सर. पण आता यादी लागली. ज्या पोराचा नंबर लागला, त्यानं प्रवेशही घेतला."

"त्याचं उत्तर चुकलंय, साहेब."

"आमच्या सूचीप्रमाणे नाही चुकलं." त्यांनी मोबाईल उपडा ठेवला. "पुढच्या वर्षी सुधारू. चहा घेणार?"

सरांनी वरपर्यंत तक्रार केली. उत्तरसूचीत चूक असल्याची नोंद झाली. निकाल मात्र कायम राहिला.

दिवाळी सरली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, गोधड्या रचल्या जात होत्या. सर भेटायला गेले. ज्ञानेश्वरी भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"सर, मूळ लिहिलं असतं तर लागला असता नंबर?"

खोटं बोलायचं सरांच्या मनात आलं, पण जमलं नाही. "लागला असता."

तिनं मान हलवली नि ट्रॉलीत चढली. तिची आई चांगुणा दोर आवळत होती. ती वळून म्हणाली, "म्हंजे पोरीचं बरूबर हुतं?"

"होय. अगदी बरोबर होतं."

"आन् त्यांला बी म्हाईत हाय?"

"माहीत आहे."

चांगुणानं गाठ मारली. "मंग तिला त्यांचं उत्तर शिकवायचं ना, सर. आमाला खरं काय करायचं हुतं?"

ट्रॅक्टर सुरू झाला.