लाल पट्टीपर्यंत पाणी

समुद्रातला जीव दिसला की माणसाला पहिल्यांदा काय सुचतं, तर त्याला पाण्याबाहेर काढून त्याच्याबरोबर फोटो काढणं. सात वर्षं टाकी सांभाळून ताईचं हे मत आता पक्कं झालं होतं. टाकी म्हणजे धक्क्याजवळच्या सार्वजनिक हॉलमधला, कमरेइतक्या उंचीचा, वरून उघडा हौद. त्यात तारामासे, काटेरी समुद्री साळू, शंखात राहणारे खेकडे आणि एक आळशी समुद्रकाकडी. कोणीही यावं, हात धुवावेत, या जिवांना पाण्यातल्या पाण्यात हळूच स्पर्श करावा आणि पुढच्याला जागा द्यावी. इतकं सोपं. पण सोपं ते माणसाला जमेल तर शपथ.

"काका, तो तारामासा खाली ठेवा."

"एकच फोटो, ताई. मुलगी हट्ट करतेय."

मुलगी कसलाही हट्ट करत नव्हती. ती बिचारी आईच्या मागे लपली होती.

"तुमचं डोकं पाण्यात दाबून कोणी 'एकच फोटो' म्हटलं तर चालेल तुम्हाला?"

काकांनी तारामासा ठेवला, तोही उलटा. ताईने कपाळावर हात मारायचा म्हणून उचलला, तर तो कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात भिजलेला. म्हणून तेही राहिलं.

पण हे रोजचंच होतं, आणि रोजच्या त्रासाने कोणी मरत नाही. तिची झोप उडवली होती ती मिठाने. पाण्याचा खारेपणा मोजायचा एक तरंगता काटा असतो, तो पस्तिसावर हवा. दर सोमवारी ती तो पाण्यात सोडायची. तीन आठवड्यांत तो पस्तिसाचा सदतीस झाला, मग एकोणचाळीस, आणि या सोमवारी बेचाळीस. दोन तारामासे मेले होते. आधी मऊ पडले, मग त्यांचे हात गळायला लागले. ताईने वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली होती. माणसं चुकली तर ती एक वेळ सोडून देई, पण मोजमाप चुकलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यातली मेख तिला चांगली ठाऊक होती. उघड्या हौदातलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ काही उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून पातळी खाली गेली की काचेवरच्या लाल पट्टीपर्यंत भर घालायची ती गोड्या पाण्याची. त्यासाठी नळाचं पाणी पिंपात भरून, दिवसभर उघडं ठेवून तयार असे. समुद्राचं पाणी ओतलं, की आधीच्या मिठावर नवं मीठ. रोज एक बादली अशी पडली तर महिन्याभरात हौदाचं लोणचं व्हायचं. आणि कोणीतरी नेमकं तेच करत होतं. चीड आणणारी गोष्ट अशी, की ताई रोज दहाला यायची तेव्हा पाणी बरोबर लाल पट्टीला टेकलेलं असायचं, आणि कोणीतरी वेळच्या वेळी भर घालतंय म्हणून तिनेच वहीत तीन आठवडे 'पातळी: उत्तम' असं कौतुकाने लिहिलं होतं.

हॉलचे सेक्रेटरी सोमवारीच टाकीजवळ येऊन उभे राहिले. सेक्रेटरींचा जगातल्या दोनच गोष्टींवर विश्वास होता: नियम आणि लॅमिनेशन.

"शुक्रवारी बैठक आहे, ताई. तोपर्यंत कोण ते सांगा. ज्याच्या हातून झालं त्याची चावी काढून घ्यायची, त्याने पुन्हा टाकीच्या कामाला हात लावायचा नाही. आणि सापडलं नाही, तर टाकी बंद. वर फळी टाकू आणि टेबल टेनिस ठेवू."

"सापडला की मीच त्याला बाहेर काढते," ताई म्हणाली. "तुम्हाला तसदी नको."

टाकीच्या चाव्या तिघांकडे होत्या. एक ताईकडे. दुसरी शिंपीकाकांकडे, ते दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झाले होते आणि सकाळची पाळी सांभाळायचे. तिसरी आबांकडे.

आबा म्हणजे ताईचे सासरे. पन्नास वर्षं मासेमारीची बोट चालवलेले, आता अठ्ठ्याहत्तरचे, एक गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत. ताईचा नवरा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. त्यामुळे घरात ताई आणि आबा, आणि आबांची मतं. भात कसा लावावा, खिडकी कुठली उघडावी, दोरीला कपडे कुठल्या बाजूने घालावेत, प्रत्येक गोष्टीवर एक मत. सासूबाई गेल्यावर मात्र चार महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकटं कसं सोडायचं म्हणून एक दिवस ताईने त्यांना हॉलवर आणून खुर्चीत बसवलं. एका चिमुरडीने त्यांना विचारलं, "आजोबा, तारामाशाचं तोंड कुठे असतं?" आणि आबा चार महिन्यांचं साठलेलं पाऊण तास बोलले. त्या दिवसापासून ते सकाळी उठून दाढी करायला लागले. टाकीने त्यांना उठवलं होतं, औषधाने नव्हे.

तर संशय शिंपीकाकांवर. सकाळची पाळी त्यांची, पातळी सकाळीच भरलेली. मंगळवारी ताईने त्यांना असं काही फैलावर घेतलं, की ते हातातला स्पंज तसाच टाकून उठले.

"चाळीस वर्षं कपडे बेतले मी. बोटभर कापड कुठे वाया घालवलं नाही. आणि मला माप शिकवता?"

"मग पाणी कोण भरतं?"

"मी येतो तेव्हा भरलेलंच असतं! मला वाटलं, तुम्हीच संध्याकाळी भरून जाता."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, हे ताईला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला कान नसतात. कळलं बुधवारी, सकाळी साडेसहाला, हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर; शिंपीकाकांना रंगेहाथ पकडायचं म्हणून ती मुद्दाम लवकर आली होती.

खालून आबा येत होते. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन, धक्क्यावरून भरून आणलेले. एक पायरी चढायची, कॅन टेकवायचे, गुडघा चोळायचा, मग पुढची पायरी. घरी ताईला सांगून निघत, "फिरून येतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताई दारात उभीच राहिली. आधी राग आला, मग तो गुडघा पाहून आणखी राग आला.

"आबा! काय चाललंय हे?"

"दिसत नाही का? पाणी आणतोय. धर एक."

"मी भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, फक्त गोडं पाणी घालावं!"

"वाचलंय मी. चुकीचं लिहिलंयस. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." आबांनी कॅन टेकवले. "पुराचं पाणी खाडीत शिरलं की काय होतं, पाहिलंयस कधी? मी पाहिलंय. शिंपल्या तोंड उघडून मरतात. ढिगाने. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष. आणि तू त्यांच्या डोक्यावर नळ सोडतेस. तू लिहिणार, मी गुपचूप निस्तरणार. घरात तरी दुसरं काय चालतं?"

ताईला पुस्तकातलं सगळं सांगता आलं असतं. पण आबांना पुस्तकातलं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर बसली.

"आबा, बोटीवर लाटेने सदरा भिजायचा. उन्हात वाळला की कसा व्हायचा?"

"कसा म्हणजे? कडक. पापडासारखा."

"आणि रंग?"

"पांढरे डाग पडायचे. मिठाचे." आबा वैतागून म्हणाले. "पाणी जातं, मीठ..."

ते थांबले. हातातल्या कॅनकडे त्यांनी पाहिलं, मग हॉलच्या दाराकडे. पन्नास वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती.

"रोज आणत होतो," ते हळूच म्हणाले. "तीन आठवडे. एक दिवस चुकवला नाही." मग म्हणाले, "म्हणजे ते दोन तारामासे माझ्यामुळे गेले."

ताईला बोलायचं होतं पुष्कळ. तीन आठवड्यांचं साठलं होतं. पण आबा पायरीवर बसले ते तसेच, भिंतीकडे तोंड करून. ते पाहिल्यावर तिने दोन्ही कॅन उचलले आणि धक्क्यावर जाऊन ओतून टाकले.

शुक्रवारपर्यंत तिने हौदातलं पाणी थोडं थोडं काढून गोडं भरलं आणि काटा पस्तिसावर आणला. आणि मनाशी ठरवूनही टाकलं. टाकी गेली तर तिचा जीव हळहळेल, पण ती जगेल. आबांचं तसं सांगता येत नव्हतं.

बैठकीत सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा ती उभी राहिली. "चूक माझी. नजरचुकीने मीच समुद्राचं पाणी भरत होते. माझी चावी घ्या आणि टाकी शिंपीकाका आणि आबांकडे द्या."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"खोटं बोलतेय ती!" मागच्या खुर्चीतून आबा गरजले. बोटीवरचा आवाज तो, खिडकीची काच हलली. "बावीस वर्षं घरात माझ्याशी भांडते, तेव्हा एक शब्द खोटा बोलत नाही. आणि इथे चार माणसांत खोटं?"

"आबा, तुम्ही गप्प बसा."

"का बसू? चूक माझी आहे. माझी चूक तू कशी घेतेस? विचारलंस मला?"

ताईने डोळे मिटून घेतले. या माणसाला वाचवायचं तरी कसं? बुडणाऱ्याने हात द्यावा एवढी तरी अपेक्षा असते की नाही?

आबांनी सगळं सांगितलं, कॅनसकट, शिंपल्यांसकट. ताईने गुडघ्याचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, पुन्हा असं होणार नाही म्हणाली. सेक्रेटरी चष्मा पुसत राहिले. त्यांनाही जड जात होतं, हे दिसत होतं. शेवटी आबाच म्हणाले, "नियम बरोबर आहे. माझ्या बोटीवर कोणी असं केलं असतं, तर मी त्याला पहिल्या धक्क्याला उतरवला असता." आणि त्यांनी चावी टेबलावर ठेवली. ताईने शिंपीकाकांची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण लगेच नाही.

टाकी वाचली. ताईला मात्र जिंकल्यासारखं काही वाटेना.

पुढचा आठवडा ती आयुष्यात विसरणार नाही असा गेला. आबा टोकत नव्हते. भात चिकट झाला, आबा जेवले. खिडकी चुकीची उघडली, आबा बसून राहिले. बुधवारी तिने मुद्दाम दोरीवर कपडे उलट्या बाजूने घातले आणि पुन्हा आत येऊन वाट पाहिली. काही नाही. दाढीही वाढली होती. "अहो, काहीतरी बोला की!" ती शेवटी ओरडली. "बरं आहे," आबा म्हणाले, आणि कुशीवर वळले. बोलत होते तेव्हा डोक्याला ताप होता. बोलत नव्हते तो ताप जास्त होता.

रविवारी हॉलवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. रांग दाराबाहेर गेली होती. कोणाची आई हातांना क्रीम लावून आली होती, कोणाचा बाप मुलाला हौदाच्या कठड्यावरच बसवत होता. ताईचा घसा बसत आला होता. पुढच्याला हाक मारायला तिने मान वर केली, तर रांगेत सातवे आबा. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"आबा, रांगेत काय उभे राहताय? या पुढे."

"माझा नंबर आला की येईन."

"अहो, गुडघा..."

"तुझं काम कर."

तिने दात-ओठ खात काम केलं. सहा माणसं गेली. आबा नळापाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले आणि हौदाशी येऊन उभे राहिले. हातांतून पाणी ठिबकत होतं. ते हात त्यांनी छातीशी धरले होते, पाण्यात घालत नव्हते.

"घाला ना हात."

"नको. नुसतं बघतो."

"बघायला कशाला एवढी रांग लावली?"

आबा तिच्याकडे झुकले. मग तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "याच हातांनी ओतलं गं."

मागून कोणीतरी "आजोबा, सरका" म्हणालं. बावीस वर्षांत ताईने सासऱ्यांचा हात कधी धरला नव्हता; तशी वेळच आली नव्हती, भांडणावर काम भागत होतं. आता तिने हट्टी पोराचं धरावं तसं त्यांचं मनगट धरलं आणि पाण्यात घातलं, थेट एका तारामाशापाशी. तारामाशाने एक टोक हळूच उचललं, मग त्यांच्या बोटावर टेकवलं आणि तिथेच चिकटून राहिला.

"जिवंत आहे," आबा म्हणाले.

"आहेच मुळी. मागे वीस माणसं खोळंबलीयेत, आबा," ताईने आवाज चिडकाच ठेवायची शिकस्त केली. पण मनगट तिने सोडलं नव्हतं.