सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारा पंखा

१४ मे. सकाळपासून आभाळ कोरडं, झाडाचं पान हलत नाही.

अशा दिवशी माझ्यावाचून कुणाचं चालत नाही, म्हणून बोलायची हिंमत करतोय. मी एक टेबलफॅन. शिंप्याच्या दुकानात, मशीनशेजारच्या स्टुलावर माझा मुक्काम. आज मतमोजणी आहे. मास्तरांनी एकाच बाहीला दोनदा टीप मारली आणि दोनदा उसवली. वहिनींनी चहा केला, त्यावर साय धरली तरी कप तसेच. उमेदवार सिस्टरताई बाकाच्या टोकाला बसून मोबाइल पालथा घालते, लगेच उलटून बघते. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही, पण आज ही माणसं माझ्याहून जास्त चुळबुळताहेत.

माझा जन्म कारखान्यातला. तीन पाती, एक जाळी आणि पाठीवर एक खुंटी. खुंटी दाबली की माझी मान फिरते, वर ओढली की एका जागी थांबते. माझ्या आयुष्यातलं सगळं बरंवाईट या खुंटीमुळे घडलं.

मी पहिल्यांदा लागलो जुन्या पक्षाच्या कचेरीत. साहेब आले की कुणीतरी लगबगीने खुंटी ओढायचं आणि सगळा वारा साहेबांच्या अंगावर. समोर बसलेली माणसं आपलं गाऱ्हाणं लिहून आणलेल्या कागदानेच वारा घालून घ्यायची. पुढे तिथे एसी आला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मास्तरांनी मला उचललं. मशीनचं तेल माझ्या मानेत सोडलं, जाळी पुसली, खुंटी दाबली आणि म्हणाले, “फीर आता मोकळा.” मशीनवरचे मास्तर, काज करणाऱ्या वहिनी, दारातलं गिऱ्हाईक, सगळ्यांना पाळीपाळीने वारा. ते माझे सुखाचे दिवस.

सिस्टरताई ही मास्तरांची धाकटी बहीण, वहिनींची नणंद. इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीवर नर्स होती, म्हणून सारी वस्ती तिला सिस्टरताई म्हणते. गेल्या वर्षी ती खोलीच बंद झाली. आता कळा सुरू झाल्या की बाईला शहरात न्यायचं, तेही वाहन मिळालं तर. राजधानीतल्या मोठ्या पक्षांना आमच्या भागाचं सोयरसुतक नव्हतं. त्या संतापातून आमच्या भागापुरता एक नवा पक्ष निघाला. ताईने पक्की नोकरी सोडली आणि उमेदवारी घेतली. दुकानाचा अर्धा भाग पक्षाची कचेरी झाला. एक टेबल, एक बाक आणि मी.

सुरुवातीला माणसं पुष्कळ यायची. मास्तर हसून म्हणायचे, निम्मे पक्षासाठी येतात, निम्मे पंख्यासाठी. जाताना मात्र प्रत्येक जण मत तुम्हालाच म्हणून सांगायचा आणि मास्तरांना नेमकी त्याचीच धास्ती वाटायची.

“माप घेताना माणूस पोट आत ओढतो ना, तसं आहे हे,” ते वहिनींना म्हणाले. “टेप काढली की सोडतो.”

मग पक्षाच्या मुख्य कचेरीतून एक निरीक्षक आले. कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं त्याहून कडक. बाकावरचा एक म्हातारा विचार करून सांगतो म्हणाला आणि नेमकी तेव्हाच माझी मान त्याच्यासमोरून डावीउजवीकडे गेली. निरीक्षकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“हा पंखा येणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणतोय. लोकांच्या मनावर परिणाम होतो अशाने.”

सगळे हसले. ते हसले नाहीत. उठले आणि माझी खुंटी ओढली. माझं तोंड ताईच्या खुर्चीकडे अडकलं. उमेदवार टवटवीत दिसला पाहिजे, हेही त्यांनी वर सांगितलं. असा हात माझ्या पाठीवर पूर्वीही पडला होता.

तेव्हापासून मला बाक दिसेना, नुसता त्याचा आवाज यायचा. माणसं आली की तो करकरायचा, आणि पूर्वीपेक्षा लवकर पुन्हा करकरायचा. ताई वाईट नव्हती हो. पण ज्याच्या तोंडावर वारा असतो, त्याला उकाडा कळत नाही. तिचं बोलणं वाढत गेलं आणि बाकावरचं कमी होत गेलं.

एका दुपारी भाजीवाल्या मावशी आल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. ताईने त्यांना पक्ष का काढला इथपासून सांगायला घेतलं. मावशी पदराने वारा घेत हूं हूं करत राहिल्या आणि मधेच, येते गं बाई, म्हणून उठून गेल्या.

वहिनींनी हातातलं काज खाली ठेवलं. “मावशी काय विचारायला आल्या होत्या?”

ताई म्हणाली, “मी विचारलंच नाही, वहिनी.”

वहिनी सरळ उठल्या आणि त्यांनी माझी खुंटी दाबली. निरीक्षक कुरकुरले, की आता हा पुन्हा नाही म्हणायला लागेल.

“म्हणू दे,” वहिनी म्हणाल्या. “घाम तरी वाळेल लोकांचा.”

पण इतके दिवस एका जागी अडकून माझी मान धरली होती. टकटक करत मी बाकाच्या मध्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. मास्तरांनी तेल सोडून पाहिलं, उपयोग झाला नाही. तेव्हा ताईने आपली खुर्ची येणाऱ्याला देऊन टाकली आणि ती स्वतः बाकाच्या त्या टोकाला जाऊन बसली, जिथे माझा वारा पोचत नाही. त्याच संध्याकाळी ती मावशींच्या घरी जाऊन आली. परत आल्यावर मतांबद्दल अवाक्षर बोलली नाही. रिक्षावाल्याला तेवढं सांगून ठेवलं, की त्या घरून हाक आली तर वेळ बघायची नाही.

नंतर काही माणसं पुन्हा येऊ लागली. काही आली नाहीत. निरीक्षक दुसऱ्या कचेरीकडे गेले. तिथे पंखा आहे की नाही, ठाऊक नाही.

आता मला एकच मागायचंय. निकाल काहीही लागो, तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या मानेकडे बघा. नवीन दातेरी चाक बसवा, तेल घाला, काय हवं ते करा. मला वारा देता येतो, पण पाठीवरच्या खुंटीपर्यंत माझा हात पोचत नाही. ती दुसऱ्यानेच दाबायची असते.

मोबाइल वाजला. ताईने तो मास्तरांच्या हातात दिला. मोजणीच्या ठिकाणाहून त्यांचा मेहुणा बोलत होता. मास्तरांनी आकडे ऐकले आणि मोठ्याने सांगितले.

जुना पक्ष ६,४१८. सिस्टरताई ५,९७२. अपक्ष ८०३. जुन्या पक्षाचा उमेदवार ४४६ मतांनी निवडून आला.